साहेब साइटवर गेलेत

सिन्नरमधल्या गरिबाला घर मिळावं, अशी केंद्र सरकारची इच्छा आहे. राज्य सरकारचीही आहे. दोघांनी मिळून अडीच लाख काढून ठेवलेत, दीड दिल्लीचे आणि एक मुंबईचा. गरीब तर बापजाद्यांपासून तयारच आहे. एवढं एकमत आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही होत नाही. मग घोडं अडतं कुठे?

अडतं एका टेबलाशी. हे टेबल महाराष्ट्रातल्या कुठल्याही ब वर्ग नगरपरिषदेत जाऊन पाहून या. टेबलावर काच असते, काचेखाली गजानन महाराज आणि गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असतो. भिंतीवर ‘सर्वांसाठी घरे’ असा फ्लेक्सही असतो. नसतो तो माणूस. शेजारचा कारकून मान वर न करता सांगतो, “साहेब साइटवर गेलेत.”

कोणत्या साइटवर, हे विचारायचं नाही. विचारणारा माणूस नवखा समजला जातो. साहेब मुळात बांधकाम विभागाचे. शिवाय पाणीपुरवठा त्यांच्याकडे, कारण तिथला अभियंता बदलून गेला. स्वच्छ सर्वेक्षण त्यांच्याकडे, कारण दिल्लीचं पथक येणार आहे. निवडणूक आली की निवडणूक त्यांच्याकडे. आणि हे सगळं करून संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा जो वेळ उरतो, त्यात केंद्र सरकारची गृहनिर्माण योजना. याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. शंकराचार्यांनंतर अद्वैताचा इतका निष्ठावान प्रचार कोणी केला असेल, तर तो आपल्या नगरविकास खात्यानं. पदं भासतात अनेक, पण देह एकच.

तर मुद्दा असा की आपल्याकडे घरकुलाचं अनुदान आहे, घरकुलाचं पोर्टल आहे, घरकुलाचं उद्घाटन आहे. घरकुलाचा विभाग मात्र निर्गुण, निराकार आहे. भक्तांनी श्रद्धेनं हेलपाटे घालावेत.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला निघाली. २०२२ पर्यंत सर्वांना घर, अशी गर्जना होती. २०२२ आलं, गेलं. मुदत वाढली. मग १ सप्टेंबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती सुरू झाली, पाच वर्षांत एक कोटी घरं. घराचं क्षेत्रफळ आता ३० वरून ४५ चौरस मीटरपर्यंत चालतं. ज्यानं स्वतःच्या जागेवर बांधायचं त्याला मिळतात किती? केंद्राचे दीड, राज्याचा एक. २०१५ मध्ये किती होते? केंद्राचे दीड, राज्याचा एक. सिमेंटच्या गोणीला ही स्थितप्रज्ञता कोणीतरी शिकवायला हवी होती.

पण पैशाबद्दल मी भांडत नाही. पैशावर सगळेच भांडतात. मी भांडतो तो माणसासाठी. घर मागणाऱ्या नव्हे, घराची फाइल हलवणाऱ्या.

तुम्ही विचाराल, अहो, मग पद निर्माण का करत नाहीत? उत्तर तयार आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे: योजना तात्पुरती आहे, तात्पुरत्या योजनेसाठी कायम पद देता येत नाही. किती तर्कशुद्ध! आता या तात्पुरतेपणाची कुंडली मांडू. २००१ मध्ये वाल्मीकी आंबेडकर आवास योजना आली. २००५ मध्ये नेहरूंच्या नावाचं नागरी अभियान आलं, त्यात नाशिकसारख्या मोठ्या शहरांना एक खिडकी आणि सिन्नरच्या मापाच्या गावांना एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम नावाची दुसरी. मग राजीव आवास. मग प्रधानमंत्री आवास. मग प्रधानमंत्री आवास दोन. मध्ये राज्याची रमाई आवास आहेच. पंचवीस वर्षं झाली, तात्पुरतं चालूच आहे. या तात्पुरत्या काळात माणसं जन्मली, शिकली, लग्नं झाली आणि आता तीच घरकुलासाठी अर्ज करताहेत.

उलट बाजू बघा. नगरपरिषदांची जकात कधीच गेली, नाके पडले, पण नाक्यावरचे कारकून कचेरीत सामावले गेले. घासलेटचे कंदील जाऊन पिढ्या लोटल्या, दिवाबत्ती विभाग शाबूत आहे. म्हणजे काम संपलं तरी पद टिकतं. काम सुरू असेल तरच पदाला मंजुरी मिळत नाही. हा नियम कुठल्या शासन निर्णयात आहे ते तुम्हीच शोधा, तुम्ही हुशार आहात.

बरं, नगरपरिषदेनं स्वतः एखादा माणूस नेमावा म्हटलं, तर तेही नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अठरा विषय शहरांसाठी लिहून ठेवले. झोपडपट्टी सुधारणा त्यात आहे, शहरी दारिद्र्य निर्मूलनही आहे. दारिद्र्य निर्मूलन करायचा अधिकार आहे, पण त्यासाठी एक लिपिक नेमायचा झाला तर पदांचा आकृतिबंध मंत्रालयातून मंजूर होऊन यावा लागतो. मुख्याधिकारी राज्याचे. अभियंता राज्य संवर्गातला. लेखापालही राज्य संवर्गातला. २०२३ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या संवर्गासाठी १७८२ पदांची जाहिरात निघाली, तेव्हा केवढा गाजावाजा! त्यात बांधकामाचे होते, विजेचे होते, संगणकाचे होते, पाणीपुरवठ्याचे होते, कराचे होते, अग्निशमनाचे होते. गृहनिर्माण नावाचा संवर्गच नाही, तर जागा कुठून निघणार? आग लागली तर विझवायला माणूस आहे. घर नसलं तर काय विझवणार?

आता योजनेच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजू नका. ती मंडळी दिल्लीत बसून फार सुंदर लिहितात. त्यांनी लिहिलंय की शहराच्या पातळीवर तांत्रिक कक्ष असावा, त्यात दोन ते चार तज्ज्ञ असावेत. योजनेच्या तरतुदीतले पाच टक्के क्षमता बांधणी, प्रसिद्धी आणि प्रशासकीय खर्चासाठी बाजूला ठेवावेत, हेही त्यांनीच लिहिलंय. सामाजिक विकास तज्ज्ञसुद्धा त्यांच्या कल्पनेत आहे, जो वस्तीत जाऊन बायाबापड्यांशी बोलेल. वाचताना डोळे पाणावतात.

खाली उतरेपर्यंत या कक्षाचं काय होतं? एक मुलगा होतं.

असा एक मुलगा माझ्या माहितीतला आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं नाही की प्रत्येक गावाला आपलंच वाटतं. स्थापत्य अभियांत्रिकी झालेला, एजन्सीमार्फत अकरा महिन्यांवर घेतलेला, पगार तीन महिन्यांनी एकदा. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा आणि त्यातला डेटाही स्वतःचा. केंद्र शासनाचा तांत्रिक कक्ष तो हाच. तो दुपारच्या उन्हात वस्तीत जातो आणि घराचं जिओ-टॅगिंग करतो. म्हणजे पाया झाला की फोटो, लिंटेल झालं की फोटो, स्लॅब पडला की फोटो. फोटो अॅपवर चढला, वर मान्य झाला, की पुढचा हप्ता. केंद्राचे दीड लाख तीन हप्त्यांत येतात, चाळीस टक्के, चाळीस टक्के, वीस टक्के.

एकदा मी त्याच्याबरोबर होतो. विड्या वळणाऱ्या एका बाईंची भिंत लिंटेलला आली होती.

“मावशी, फोटोत या.”

“मी कशाला? भिंतीचा काढ की.”

“तुम्ही नसलात तर सिस्टिम घेत नाही.”

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं, तंबाखू झटकला, पदर सारखा केला आणि अर्धवट भिंतीपुढे उभ्या राहिल्या. नेट नव्हतं. मुलगा मोबाइल वर धरून शेजारच्या ओट्यावर चढला, मग पाण्याच्या टाकीवर चढला. मावशी तेवढा वेळ उन्हात उभ्या. त्या उपग्रहासाठी उभ्या होत्या, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, त्याला वरून दिसतंय तर मला कशाला उभं केलंय? आणि बरोबरच आहे.

पुढे त्या मुलाची अकरा महिन्यांची मुदत संपली. नवा आदेश यायला वेळ लागला. मावशींची भिंत लिंटेलवर थांबली, पावसाळा थांबला नाही. तोवर मुलगा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रुजू झाला. पगार दर महिन्याला! नवीन मुलगा आला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, “आधीचे फोटो कुठायत?” जुन्या मुलाच्या मोबाइलमध्ये. मोबाइल कुठाय? कारखान्यात, लॉकरमध्ये. शहराची संस्थात्मक स्मृती सकाळच्या पाळीला जाते.

याच्या बरोबरीनं क्षमता बांधणीच्या कार्यशाळाही होतात, पाच टक्क्यांतून. हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात. दारात फोल्डर, पेन, पाण्याची बाटली. नगरपरिषदेतून कोणाला पाठवायचं? ज्याच्यावाचून त्या दिवशी कचेरीचं अडणार नाही त्याला. म्हणजे हमखास तो, ज्याला या विषयाशी देणंघेणं नाही. मी एक गृहस्थ पाहिले, तीन महिन्यांनी निवृत्त होणारे. त्यांची क्षमता अशी काही बांधली गेली की विचारू नका. ती घेऊन ते आता नातवाला शाळेत सोडतात.

आणि कंत्राटी भरतीवर सरकारचं धोरण काय? तेही स्पष्टच आहे, दर दोन महिन्यांनी. ६ सप्टेंबर २०२३ ला शासन निर्णय निघाला, नऊ कंपन्यांमार्फत सरकारी कामांसाठी मनुष्यबळ घ्यायचं. पोरं रस्त्यावर उतरली. ऑक्टोबरमध्ये निर्णय रद्द झाला आणि पाप मुळात कोणाचं यावर पक्षांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. कागद मागे गेला. कंत्राटी मुलगा तिथेच आहे, पाण्याच्या टाकीवर.

एक हिशेब करू. समजा एका गावात चारशे घरकुलं मंजूर आहेत. अडीच लाखांनी दहा कोटी रुपये झाले. दहा कोटींचं काम चारशे ठिकाणी, चारशे वेगवेगळ्या जागांच्या कागदपत्रांवर, चारशे बँक खात्यांतून, टप्प्याटप्प्यानं करायचं. एखाद्या किराणा दुकानदाराला सांगा की दहा कोटींचा माल ज्याला सही करता येत नाही अशा अकरा महिन्यांच्या पोऱ्याच्या हवाली कर. तो तुम्हाला दुकानातून हाकलून देईल.

सहीवरून आठवलं. घरकुल म्हटलं की खानदेश-नाशिककडच्या अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण जळगाव. तिथल्या घरकुल घोटाळ्याच्या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्रीही होते. आता यातून शहाण्या व्यवस्थेनं काय धडा घ्यावा? की घरकुलाच्या पैशावर नजर ठेवायला नीट माणसं हवीत, लेखे तपासणारा हवा, जागेवर जाणारा हवा. आपल्या व्यवस्थेनं काय धडा घेतला? की सही करू नये. त्यामुळे आज चित्र असं आहे: ज्याला प्रकरण माहीत आहे त्याला सहीचा अधिकार नाही, आणि ज्याला सहीचा अधिकार आहे त्याला ते माहीत करून घ्यायचं नाही. फाइल या दोघांच्या मध्ये शेरे गोळा करत राहते. “चर्चा करावी.” “नियमानुसार पुढील कार्यवाही करावी.” “मागील टिप्पणी पहावी.” मागील टिप्पणीत लिहिलेलं असतं, “चर्चा करावी.”

निसर्गाला पोकळी मानवत नाही, तशी ती झेरॉक्सवाल्यालाही मानवत नाही. कोणत्याही तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला घ्या, तोच खरा गृहनिर्माण विभाग. त्याला कागदपत्रांची यादी तोंडपाठ: आधार, पासबुक, तीन लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती आणि भारतात कुठेही आपलं पक्कं घर नाही असं शपथपत्र. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो आणि कोणत्या वारी सुटतो, हेही त्याला कळतं. त्याची बदली होत नाही, त्याचं कंत्राट संपत नाही, तो साइटवर जात नाही. या सगळ्या योजनेत कायम पदावर असलेला एकमेव माणूस तो. त्याचं वेतन लाभार्थी देतात, पानामागे.

आता सिन्नरच्या वाट्याला हे का यावं याचा मला विशेष राग आहे. हे गाव काही झोपलेलं नाही. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या ६५ हजारांच्या वर होती. माळेगावची एमआयडीसी, मुसळगावची सहकारी वसाहत, दोन्हीकडे पाळीवर जाणारी माणसं. भाड्याच्या खोल्या, पत्र्याच्या खोल्या, आडवा फाट्यापासून वावी वेशीपर्यंत. आणि पिढ्यान्पिढ्या विड्या वळणाऱ्या बाया, ज्यांच्यासाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाचंही वेगळं घरकुल अनुदान होतं, तेही दीड लाखांचं. त्यामागचा विडी कामगार कल्याण उपकर १९७६ पासूनचा. जीएसटी आला आणि तो गेला. मग सरस्वती नदी. सप्टेंबर २०२२ मध्ये ती गावात शिरली, काठावरची घरं घेऊन गेली. पूर ओसरला, पंचनामे झाले, नेते येऊन गेले. त्या काठावर कोणाचं घर कोणत्या जागेवर होतं, जागा कोणाच्या नावावर, कोणाला कोणती योजना लागू, हे एका ठिकाणी बसून वर्षभर बघणारा माणूस कुठल्या आकृतिबंधात असतो? अर्थात सिन्नरकरांना उभी पण बंद गोष्ट पाहायची सवय आहे. गुळवंचचा १३५० मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा राहून वर्षानुवर्षं गप्प होता. घरकुल विभाग निदान धूरही सोडत नाही.

“हे सोलापूरला जमतं, तुम्हाला का नाही?” असं विचारणारे भेटतात. जमलं, खरंय. कुंभारीला आधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये मनमोहन सिंग आले होते. मग त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची वसाहत; १९ जानेवारी २०२४ ला मोदी आले आणि पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. दोन टोकांचे दोन पंतप्रधान एकाच कुंभारीला! पण तिथे फाइल कोणी ढकलली? नरसय्या आडम आणि लाल बावट्याच्या कामगारांनी. सहकारी संस्था त्यांची, पाठपुरावा त्यांचा, मोर्चेही त्यांचे. म्हणजे केंद्राचं अनुदान मिळवायला गावात आधी एक कम्युनिस्ट पुढारी असावा लागतो, तोही दोन दशकं न थकणारा. ही अट मार्गदर्शक सूचनांत छापायची राहिली.

जाता जाता अमेरिका. कौतुक करायला नाही, तिथेही माणूस पुलाखाली झोपतोच. पण १९७४ पासून तिथलं केंद्र सरकार शहरांना गृहनिर्माण आणि वस्तीविकासासाठी थेट अनुदान देतं आणि त्यातली वीस टक्क्यांपर्यंत रक्कम नियोजन आणि प्रशासनावर खर्चायची मुभा देतं. पन्नास हजार वस्तीची शहरंही त्यात बसतात. लोकसंख्येच्या हिशेबानं सिन्नरही बसलं असतं! शहरानं पाच वर्षांचा आराखडा करायचा, जाहीर सुनावणी घ्यायची आणि ते करणारी माणसं या पैशातून पगारावर ठेवायची. त्यांनी एक साधी गोष्ट मान्य केली की पैसा स्वतःहून चालत कोणाच्या घरी जात नाही. आपल्याकडे तो पोर्टलवरून जातो अशी श्रद्धा आहे.

आणि आता तर लोकप्रतिनिधीही परत आलेत. २०२१ च्या अखेरीस बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. माणूस नसलेल्या विभागावर सभागृह नसलेली नगरपरिषद. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रचारात पक्क्या घराचं आश्वासन कोणी दिलं नाही, ते दाखवा. आता समित्या वाटून झाल्या असतील. बांधकाम समितीसाठी किती रस्सीखेच होते हे तुम्हाला माहीत आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या विषय समित्यांत गृहनिर्माणाची नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणी रुसत नाही, कोणी सहलीला जात नाही.

तरी माझी एक सूचना आहे, कोणत्याही नगरसेवकानं फुकट घ्यावी. सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा: गृहनिर्माणासाठी कायम विभाग, एक अभियंता, एक लेखा लिपिक, वस्तीत फिरणारी एक समाजसेविका. तिघांच्या पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाला पाठवा. परत आला तर पुन्हा पाठवा. आणि पुढचं मी सांगतो, पैज लावा. ठराव वाचून होईल. सभागृहात कोणी आडवा बोलणार नाही, विरोध करायला काही सापडणारच नाही. दोन सदस्य मोबाइल बघत राहतील. मुख्याधिकारी घड्याळ बघतील. मग मागच्या रांगेतून एक अनुभवी सदस्य सावकाश उठेल, घसा साफ करेल आणि मुद्द्याला हात घालेल:

“अध्यक्षमहोदय, ते सगळं ठीक आहे. पण याचं टेंडर कधी निघणार?”